कोपऱ्यातली बोटभर सही

माझा नवरा गोळी लागून गेला नाही. तो विषमज्वराने गेला, परळच्या इस्पितळात, दिवसाउजेडी, खाटेवर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दर एक मेच्या आसपास कुणीतरी शाल-नारळ घेऊन माझ्या दारात येतं आणि मला हुतात्म्याची पत्नी म्हणू लागतं. मी त्यांना बसवते, चहा देते, शाल परत करते आणि खरं काय ते सांगते. काहींचे चेहरे पडतात. मागच्या खेपेला कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "पण आजी, गेले त्याच दिवसांत ना?" गेले त्याच दिवसांत. त्या दिवसांत मुंबईत माणसं गोळीने मेली, तशी म्हातारपणानेही मेली, बाळंतपणातही मेली. माझा नवरा तापाने मेला आणि त्यात मान खाली घालण्यासारखं मला काही वाटत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते मात्र माझ्या धंद्यासाठी. मी पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, खानावळींच्या. लालबाग-परळपासून ठाकूरद्वारापर्यंत तीस वर्षं शिडी घेऊन हिंडले. आता गुडघे शिडीला तयार नाहीत आणि पाट्या यंत्रातून छापून निघतात, त्यामुळे दोघांचीही सोय झाली आहे. पण धंद्याविषयी लिहायचं तर ह्यांच्याविषयी लिहावंच लागेल. धंदा ह्यांचा, ब्रश ह्यांचे, आणि मी रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली जी बोटभर सही आहे तीही ह्यांचीच: पेंटर केशव.

पाटी रंगवताना ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकायचा, काचकागदाने घासायचा, सफेद्याचे दोन हात द्यायचे, वाळला की पुन्हा घासून वर जमिनीचा रंग द्यायचा. ही जमीन गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून आळशी पेंटर तिथेच हात आखडता घेतो आणि दोन पावसाळ्यांत पाटीला पोपडे येतात. जमीन वाळली की निळीत बुडवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून धरायचा आणि मधे चिमटीत उचलून सोडायचा. पत्र्यावर सरळ निळी खूण उठते. त्या खुणेला अक्षरं टांगायची, आधी पेन्सिलीने, मग ब्रशाने. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ पुष्कळ पेंटर आधी मारून मोकळे होतात. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी. ह्यांचं म्हणणं असं, की रेघ नाही तोवर अक्षराला जरा सरकायला जागा असते, रेघ मारली की सगळी एकमेकांना बांधली गेली. आणि एका शब्दाची रेघ एका दमात मारायची, श्वास धरून, मधे ब्रश उचलायचा नाही. ह्यांची रेघ चालली असताना आमच्या खोलीत कुणी शिंकतसुद्धा नसे.

ह्यांचं घराणं कारकुनांचं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते ठाकूरद्वारला राहायचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि मुलालाही त्यांनी तिथेच चिकटवलं होतं. मी लग्न होऊन आले ती कारकुनाची बायको म्हणूनच. ह्यांचं अक्षर सुरेख, म्हणून साहेबांच्या खोल्यांवरच्या पाट्या ह्यांच्याकडे येत. दोन वर्षांनी एका सकाळी जेवताना हे म्हणाले, "अण्णा, मी राजीनामा दिला. यापुढे पाट्याच रंगवणार." मामंजी भरल्या ताटावरून उठले. "आपल्या घरात आजवर रंगारी झाला नव्हता," एवढं बोलले आणि त्यानंतर मुलाशी बोलले नाहीत. महिन्याभरात आम्ही लालबागला एका चाळीत खोली घेतली. थोरली शैला तेव्हा पोटात होती.

माणूस कसा होता ते सांगते. रोज सकाळी कामावर जाण्याआधी हे दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचे. ब्रशाची सवय असलेली बोटं, भांग असा सरळ पाडायचे की शाळेतल्या बाई शैलाला विचारायच्या, आईने घातल्या का गं? चाळीतले पुरुष गॅलरीत दात घासता घासता हसायचे. हे म्हणायचे, "हसा लेको. तुमच्या पोरींना विचारा, कुणाच्या वेण्या संध्याकाळपर्यंत टिकतात." धाकटी पुष्पा केस ओढले की रडायची, तिच्यासाठी एक मऊ, वापरून झालेला ब्रश ठेवला होता, आधी तो तिच्या गालावरून फिरवायचा आणि मग फणी. माझी भाजी बिघडली तर ताटातली सगळी संपवून वर आणखी मागायचे, म्हणजे मुलींना कळू नये. असला माणूस बाहेर कुणाला दिसत नाही, पाटीखालच्या जमिनीसारखाच.

मला धंदा शिकवला तोही असाच, घरच्या घरी. हे अक्षराची कड काढायचे, मी आत रंग भरायचे. पुढे एकदा कंटाळून म्हणाले, "सही तू टाक गं." त्या काळी बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे. हळदीकुंकवाला उखाण्यात, लाजत, आडून काय घ्यायचं तेवढंच. रेशनकार्डाच्या कचेरीत कारकुनाने विचारलं तर शेजारीण सांगायची आणि आपण भिंतीकडे बघायचं. मी म्हटलं, "अहो, मी कसं घालू तुमचं नाव?" हे म्हणाले, "तोंडाने घ्यायला मनाई आहे ना? हाताने घे." तेव्हापासून सहीचं अक्षर माझं. म्हणजे सही ह्यांची आणि हात माझा, हे ह्यांच्या हयातीतच सुरू झालं होतं. पुढे, हे गेल्यावरही तीच सही टाकते म्हणून लोकांनी मला लबाड ठरवलं, म्हणून मुद्दाम सांगते.

ह्यांची एक खोड होती. पाटी पुरी होत आली की चौकटीच्या मागच्या आडव्या पट्टीवर पेन्सिलीने त्या दिवसाचं घरचं काहीतरी लिहायचे. एका कापडवाल्याच्या पाटीमागे ‘शैलाचा दात पडला, उंदराला दिला’ असं आहे. एका दंतवैद्याच्या पाटीमागे ‘सुमती रुसली आहे, कारण ठाऊक नाही’. सुमती म्हणजे मी. कारण ह्यांना पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं, "भिंतीला टेकलेल्या बाजूवर लिहून कोण वाचणार?" तर म्हणे, "दुकानदाराचं पुढे, आपलं मागे."

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. आमच्या चाळीत ज्याला त्याला पाटी हवी, फलक हवा, मोर्च्याला कापड हवं. गिरणीतून सुटलेली माणसं तशीच आमच्या दारात बसायची. हे सकाळी गिऱ्हाइकांच्या पाट्या करायचे आणि उरलेला दिवस फलकांना द्यायचे. चळवळीत हे होते का, असं मला विचारतात. मोर्च्यात एकदाच गेले आणि घरी येऊन तक्रार काय, तर पुढच्या फलकावरची अक्षरं अंतर न बघता काढली होती. पण रंग लावायला कधी नाही म्हटलं नाही. आमच्या चाळीच्या मंडळाला कमानीखाली लावायला मोठी पाटी हवी होती, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. ती हे घरी करत होते, लाल अक्षरात, पांढऱ्या जमिनीवर.

ती करत असताना अंगात ताप होता. चार दिवस होता, मग सहा दिवस, मग आठ. मला दिसत होतं. मी पेज करून दिली, खारं लिंबू दिलं, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि ह्यांनी पट्टी काढून ब्रश उचलला तेव्हा हात धरला नाही. आपला माणूस कामात आहे, लोक वाट बघताहेत, मलाही त्याचा तोरा होता. मी तेव्हा रंगाचे डबे खिडकीतून खाली भिरकावून द्यायला हवे होते. मामंजींवर, मंडळावर, ह्यांच्यावरही रागावून झालं, पण शेवटी राग इथेच येऊन बसतो.

नवव्या दिवशी हे कामाला बसायच्या फळीवरून उठताना पडले. गंगूच्या नवऱ्याने आणि मी मिळून इस्पितळात नेलं. गंगू आमच्या शेजारची, मालवणकडची, नवरा गिरणीत. ह्यांना पोचवून तो माणूस परत गेला आणि दोन दिवसांनी मोर्च्यात गोळी लागून त्याच इस्पितळात आला. त्याला वाचवता आलं नाही. त्याच दुपारी हेही गेले. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. पोलिसांच्या बंदोबस्तात आमच्या चाळीत एकाच दुपारी दोन प्रेतं आली, दोघांवर एकाच रंगाच्या फुलांचे हार पडले आणि बघणाऱ्यांनी आपापल्या मनाने हिशेब जुळवला. रडायचं सोडून तेव्हा कोण कुणाला दुरुस्त करत बसणार?

दिवस झाले. मंडळाचा भिकाजी दारात घुटमळू लागला. उंच, भला माणूस, पण बोलायला धीर होईना. मीच विचारलं, "पाटी हवी आहे ना?" पाटी खोलीतच होती, भिंतीशी उलटी लावून ठेवलेली. अक्षरं सगळी झाली होती, वरची रेघ तेवढी राहिली होती. लाल अक्षरं नुसतीच एकेकटी उभी होती. भिकाजी म्हणाला, "वैनी, दुसऱ्या पेंटरकडून मारून घेतो. तुमी काय त्रास करून घेऊ नका."

"ह्यांच्या पाटीला दुसऱ्याचा हात लागणार नाही," मी म्हटलं. "उद्या या."

तोवर मी एकदाही वरची रेघ मारली नव्हती. मुलींना गंगूकडे बसवलं, पाटी खाटेला टेकवली, श्वास धरला. पहिल्या चार शब्दांच्या रेघा निघाल्या. ‘पाहिजे’वर माझा दम सुटला आणि रेघ टोकाला जराशी खाली झुकली. पुसून पुन्हा मारता आली असती. मी पुसली नाही. कोपऱ्यात सही टाकली आणि पाटी भिकाजीच्या हवाली केली.

कुंकू पुसलं त्याच आठवड्यात माझी दहाही नखं लाल होती. नळावर गंगू मला हळूच म्हणाली, "नखां तरी घास गो. लोका काय म्हणतली?" तिचं कपाळही माझ्यासारखंच मोकळं होतं. मी म्हटलं, "गंगू, हा तेलाचा रंग आहे, घासून जात नाही. लोकांना म्हणू दे." त्या दिवशी मी ठरवलं की ब्रश ठेवायचे नाहीत.

ठरवणं सोपं होतं. लालबागेत एकही दुकानदार मला शिडीवर चढू देईना. कुणी म्हणे, बाई पडली तर जबाबदारी कुणाची? कुणी काही म्हणत नसे, नुसता गल्ल्यावरून उठून आत जाई. पहिलं काम दिलं ते वरळी कोळीवाड्यातल्या एका कोळणीने. होडीवर नाव घालायचं होतं. ती ह्यांना शोधत आली होती. हे गेल्याचं ऐकून तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुजा घोव गेला गो, तुजं हात तं नाय गेलं? माजा बी गेला. मी काय मासली इकायची सोरली?" मी होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, चढून नाव काढलं. ती खाली वाळूत उभी राहून अक्षरागणिक सूचना देत होती, वाचायला येत नसूनही. नाव पुरं झालं तेव्हा कोपरा दाखवून म्हणाली, "यो काय लिवलंस?" मी सांगितलं, सही. कुणाची ते विचारल्यावर मी गप्प बसले, तेव्हा तीच समजली आणि म्हणाली, "मंग जरा जाड काढ, पानी लागंल."

चुका मी केल्याच. गिरगावात एका शिंप्याची पाटी होती. घाईत मी ह्यांची शिकवण मोडली आणि वरची रेघ आधी मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुरेख. मग अक्षरं काढत गेले आणि दुकानाचं नाव संपायच्या आत पत्रा संपला. शिंपी टेप गळ्यात घालून बघत होता. म्हणाला, "बाई, माझी शेवटची दोन अक्षरं काय शेजारच्या दुकानावर काढणार?" मी म्हटलं, "तुम्ही कापड बेतताना चुकत नाही?" तो म्हणाला, "चुकतो. पण मी चुकलेलं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टांगत नाही." मुकाट्याने पत्रा घरी आणला आणि पुन्हा जमिनीपासून सुरुवात केली. त्यानंतर रेघ आधी कधीच मारली नाही.

ठाकूरद्वाराजवळ एका मिठाईवाल्याचं नवीन दुकान उघडायचं होतं. तो फार गोड बोलणारा. म्हणाला, "बाई, मनात काही आणू नका, पण शुभकार्य आहे. वरचा ‘श्री’ आमचे जावई काढतील, पुढचं तुम्ही करा." मी शिडीवरून उतरले. "जावई चांगले आहेत, तर सगळी पाटीच त्यांच्याकडून करून घ्या." जावयांनी ‘श्री’ काढला. तो असा निघाला की दुसऱ्या दिवशी मिठाईवाला स्वतः लालबागेत आला. मी जाऊन आधी तो ‘श्री’ काचकागदाने घासून काढला, सगळ्या गल्लीसमोर, सावकाश. मग माझा काढला. विधवेच्या हातचा तो ‘श्री’ त्या दुकानावर वीस वर्षं होता. दुकान बुडालं नाही, उलट त्याने शेजारचा गाळाही घेतला. पुढे त्याच्या धाकट्या मुलीच्या लग्नात मांडवावरची पाटी माझ्याकडेच आली, आणि या खेपेला जावयाचं नाव निघालं नाही.

अशी चार वर्षं गेली आणि महाराष्ट्र झाला. चाळीला रोषणाई झाली, आम्हीही मुलींना घेऊन खाली उतरलो, पेढे खाल्ले. गंगू माझा हात धरून उभी होती. आमच्या दोघींच्या मनात काय चाललं होतं ते आम्ही एकमेकींना कधी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात भिकाजी पुन्हा दारात आला, आता घुटमळत नव्हता. कमानीखालची जुनी पाटी उतरवायची, तिथे चाळीतल्या हुतात्म्यांच्या नावांची नवी लावायची असं मंडळाने ठरवलं होतं. गोळीला बळी पडलेले आमच्या चाळीतले दोघे होते, गंगूचा नवरा आणि मागच्या इमारतीतला, गिरणीत माग चालवणारा एक साचेवाला. भिकाजी म्हणाला, "पाटी तुमीच करायची वैनी. आनि नावं तीन."

"तिसरं कुणाचं?"

"असं काय इचारता? आमच्या पेंटरचं."

मी म्हटलं, हे तापाने गेले. तो म्हणाला, ताप कशाने आला? आमचे फलक करून. कर्फ्यू नसता तर डॉक्टर वेळेवर मिळाला असता. सगळी चाळ तेच समजते, मग तुम्हीच का आडव्या येता? मुलींच्या शिक्षणाचं सरकार बघेल, त्यांना मान मिळेल. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला खरोखर आपल्या पेंटरला मोठं करायचं होतं. जाताना म्हणाला, "रविवारी सभा हाय. ठाकूरद्वारच्या अण्णांनाबी बोलावलंय."

मामंजी त्या चाळीत मुलाच्या प्रेतामागून एकदा आले होते, त्यानंतर त्या रविवारी. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. खोलीत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. भिंतीला टेकवलेल्या पाट्यांकडे न बघता बोलले.

"सुमती, नाव लागू दे."

"मामंजी, ते खोटं आहे."

"खोटं कसं? त्याच दिवशी गेला, त्याच इस्पितळात गेला. कचेरीतले लोक अजून विचारतात, मुलगा काय करायचा. मी काय सांगू? रंगारी होता आणि तापाने मेला? एवढंच? माझ्या मुलाचं नाव कुठेतरी लागू दे."

मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी संताप आला. मी म्हटलं, "त्यांचं नाव लालबागपासून तुमच्या ठाकूरद्वारापर्यंत लागलेलं आहे. तुमच्या नाक्यावरच्या औषधाच्या दुकानावर आहे. तुम्ही रोज त्याच्याखालून जाता. तुम्ही वाचलं नाहीत." आम्ही खाली उतरलो.

सभा म्हणजे चाळीच्या मधल्या चौकातली सतरंजी. पुरुष सतरंजीवर, बायका पायऱ्यांवर. जुनी पाटी उतरवून भिंतीशी ठेवली होती. भिकाजीने तीन नावांचा ठराव मांडला, टाळ्या पडल्या, आणि तो सहज म्हणाला, "वैनींची संमती हायच." मी पायऱ्यांवरून उठले. माझ्या मुली गंगूच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना पुढे आयुष्यभर वडिलांविषयी काय सांगायचं ते आता ठरणार होतं, खरे वडील की पाटीवरचे.

मी जुन्या पाटीपाशी गेले आणि ती उलटी केली. मागच्या पट्टीवर काय आहे ते मला चार वर्षं ठाऊक होतं. ह्यांचे दिवस करायच्या आधीच मी ते वाचलं होतं. कमानीखाली पाऊस लागला नव्हता, पेन्सिल स्पष्ट होती. मी मोठ्याने वाचलं.

"आज आठवा दिवस, ताप उतरत नाही. सुमतीने पेज केली. शैला म्हणते, बाबा तुमचा हात गरम लागतो. वरची रेघ उद्या."

मी म्हटलं, "आठ दिवस ताप होता तेव्हा कर्फ्यू नव्हता, भिकाजीभाऊ. डॉक्टर कोपऱ्यावर बसलेला होता. ह्यांनी बोलावला नाही आणि मी बोलावला नाही. तो दोष आमच्या घरचा आहे, तो मी सरकारच्या गोळीवर ढकलणार नाही. या गंगूच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला खांद्यावर इस्पितळात नेलं आणि मग स्वतः छातीवर गोळी घेतली. त्याच्या शेजारी मी खोटं नाव रंगवायचं? माझ्या हाताने?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मग तुज्या नवऱ्याची काय आठवण ठेवायची नाय?"

तेव्हा मी ते केलं. उखाणा नाही, आडपडदा नाही. मामंजींच्या समोर, सगळ्या चाळीसमोर, उभ्याने नवऱ्याचं नाव घेतलं. "केशव. माझ्या नवऱ्याचं नाव केशव. तो पेंटर होता. मुलींच्या वेण्या घालायचा. तापाने गेला. अशी आठवण ठेवायची असेल तर ठेवा, नसेल तर आम्ही तिघी आहोत."

पायऱ्यांवर बायकांनी तोंडाला पदर लावले. मामंजी खाली बघत होते. मग गंगू बसल्या जागेवरून म्हणाली, "ती सांगता तां खरा हा. माज्या घोवाचा नाव हिच्याच हातान काढूक व्हया. दोनच नावां." भिकाजीने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि ठरावात दोन असा बदल केला.

पाटी मी केली. तीन महिने लागले, कारण जमिनीचे दोन हात जास्त दिले. दोन नावं, ठसठशीत, आणि वरच्या रेघा शेवटी, एका दमात. या वेळी एकही झुकली नाही. मागच्या पट्टीवर मी पहिल्यांदाच काही लिहिलं, ते गंगूला विचारून, आणि ते इथे सांगणार नाही. उजव्या कोपऱ्यात, खाली, पाटी करणाऱ्याच्या जागी, पेंटर केशव. जुनी पाटी मी मागून घेतली. ती माझ्या खोलीत आहे, कधी सरळ, कधी उलटी.

अलीकडे काही मुली मला विचारतात की तुम्ही स्वतःचं नाव का नाही घातलंत, पुरुषाच्या नावाखाली का राहिलात? त्यांना वाटतं मी घाबरले. मी घाबरत असते तर चौकात नाव घेतलं नसतं. सहीमागचा हात कुणाचा ते साऱ्या लालबागेला ठाऊक होतं. सही मी ह्यांच्या हयातीत टाकायला लागले आणि ती पुसायचं मला काही कारण दिसलं नाही. पस्तिशीसुद्धा न गाठलेला माणूस, त्याला मी आणखी तीस वर्षं कामावर ठेवला.

मामंजींचं राहिलं. सभेनंतर दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, या वेळी न बोलावता. चष्मा पुसत म्हणाले, "औषधाच्या दुकानावरची वाचली." मी त्यांना पाणी दिलं. पेला खाली ठेवून म्हणाले, "माझ्या दारावरची पाटी जुनी झाली आहे. करशील?"

मी केली. सागाची फळी, काळी जमीन, पिवळी अक्षरं, मामंजींचं पूर्ण नाव आणि खाली ‘निवृत्त हेडक्लार्क’. त्यांच्या दारात उभी राहून सही टाकायला ब्रश उचलला तेव्हा ते म्हणाले, "ती जरा मोठी काढ. माझं नाव लहान झालं तरी चालेल."

मी म्हटलं, "मामंजी, सही बोटभरच असते."

"आता माझ्या डोळ्यांना दिसत नाही गं एवढं."

"मग वाका," मी म्हटलं, आणि ह्यांचं नाव ह्यांच्या मापाने काढलं. मामंजी आणखी नऊ वर्षं जगले. दार लावताना ते रोज कमरेत वाकून तो कोपरा वाचायचे, असं शेजारी सांगतात. मी अक्षर वाढवून दिलं नाही.